शिअररच्या मागावर सहा दिवस: साउथहॅम्प्टन ते वॉल्सएंड

ताई रेडिंगला राहते, तिच्याकडं जायचं कधीपासून ठरत होतं आणि शेवटी ऑक्टोबरमध्ये जमलं. लंडन बघून झालं की काय करणार असं तिनं विचारल्यावर मी सरळ सांगितलं की मला ॲलन शिअररची, म्हणजे इंग्लंडच्या त्या जुन्या फुटबॉल स्ट्रायकरची गावं बघायचीत. खेळायचा थांबून त्याला जवळपास २० वर्षं होत आली, ताईला नावसुद्धा नीट आठवेना. पण आमच्या गल्लीत केबल आली त्या काळात शनिवारी रात्री साडेआठची मॅच म्हणजे आमच्यासाठी ठरलेला कार्यक्रम होता, आणि गोल मारल्यावर उजवा हात वर, पंजा उघडा, चेहऱ्यावर साधं हसू, असा पळत जाणारा तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टातला नऊ नंबर अजून डोळ्यासमोर आहे. कोल्हापुरातली पोरं तेव्हा शाहू स्टेडियमवर गोल मारला की तसाच हात वर करून पळायची.

आणखी एक कारण आहे ते आधीच सांगतो. माझा काका पेठेतल्या तालमीकडून (कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम तालमींच्याच) सेंटर फॉरवर्ड खेळायचा. त्याला मुंबईच्या एका कंपनीच्या टीमनं नोकरीसकट बोलावलं होतं आणि तो गेला नाही. घरात त्याच्यावरून पुढं कितीतरी वर्षं बोलणी झाली. म्हणून शिअररनं १९९६ साली जे केलं, मँचेस्टर युनायटेडला सोडून घरच्या न्यूकॅसलला गेला, त्याच्याशी माझं थोडं घरचं नातं आहे असं मला वाटतं.

दिवस पहिला: साउथहॅम्प्टन

रेडिंगहून थेट ट्रेन आहे, तासाभराच्या आत सोडते. स्टेशनवर उतरून पंधराएक मिनिटं चढाच्या बाजूनं चालत गेलं की मिल्टन रोड, आर्चर्स रोड लागतात आणि इथंच द डेल होतं, साउथहॅम्प्टनचं जुनं ग्राउंड, १८९८ पासून २००१ पर्यंत. आता तिथं ग्राउंड नाही, फ्लॅट्स आहेत. लाल विटांच्या बिल्डिंगा, पार्किंग, कचऱ्याचे डबे, एक बाई बाळाची गाडी ढकलत चाललेली. पण बिल्डिंगांची नावं वाचली की अंगावर काटा येतो कारण ती सगळी जुन्या प्लेअर्सची आहेत, बेट्स कोर्ट, चॅनन कोर्ट, स्टोक्स कोर्ट, वॉलेस कोर्ट, ल टिसिए कोर्ट. शिअररच्या नावाची बिल्डिंग नाही. मी दोन फेऱ्या मारल्या, नाही. वाईट वाटलं, पण नंतर विचार केला तर बरोबरच आहे, जी माणसं इथली होऊन राहिली त्यांची नावं आहेत. ल टिसिए तर आख्खी करिअर इथंच राहिला आणि डेलवरचा शेवटचा लीग गोलसुद्धा त्यानंच मारला.

शिअरर १९८६ मध्ये इथं आला तेव्हा १५-१६ वर्षांचं पोरगं होता. त्याचं गाव न्यूकॅसल इथून पाचशेच्या वर किलोमीटर, म्हणजे इंग्लंडच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. जॅक हिक्सन नावाचा स्काउट होता उत्तरेत, त्यानं याला हेरला आणि साउथहॅम्प्टनला पाठवला. न्यूकॅसलच्या ट्रायलला याला काही वेळ गोलकीपर म्हणून उभा केला होता अशी गोष्ट तिकडं अजून सांगतात. ट्रेनी म्हणजे काय तर पगार नावाला, सिनियर प्लेअर्सचे बूट घासायचे, ड्रेसिंग रूम झाडायची, आणि वेळ उरला की स्वतःची प्रॅक्टिस.

९ एप्रिल १९८८ ला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवला, समोर आर्सेनल, आणि यानं हॅटट्रिक मारली. साउथहॅम्प्टन ४-२ जिंकलं. वय १७ वर्षं २४० दिवस. फर्स्ट डिव्हिजनमध्ये इतक्या लहान वयात कोणी हॅटट्रिक मारली नव्हती, जिमी ग्रीव्ह्जचा ३० वर्षांचा रेकॉर्ड मोडला. ते तीन गोल जिथं झाले तिथं आता कोणाची तरी सायकल साखळीनं बांधलेली आहे. मी तिथंच कठड्यावर बसून ताईनं दिलेले मेथीचे पराठे खाल्ले.

एक गोष्ट लोक विसरतात की त्यानंतर लगेच तो स्टार वगैरे झाला नाही. इथल्या चार वर्षांत लीगचे ११८ सामने आणि गोल फक्त २३. पाठीमागं डिफेंडर घेऊन बॉल पकडून ठेवायचा, धक्के खायचे, दुसऱ्याला पास द्यायचा, हे काम तो इथं शिकला. आमच्या काकाच्या भाषेत 'आधी हमाली, मग गोल'.

दुपारी बंदराकडं जाऊन आलो. टायटॅनिक इथूनच १० एप्रिल १९१२ ला निघाली होती, तिचा उल्लेख शहरभर जागोजागी आहे. ही गोष्ट सहाव्या दिवशी परत येणार आहे म्हणून इथं लिहून ठेवतो.

दिवस दुसरा: रेडिंग ते मँचेस्टर

प्रवासातच गेला. भाचा मँचेस्टरला शिकतो, तो स्टेशनवर घ्यायला आला. रात्री करी माइलवर जेवलो. तो मँचेस्टर युनायटेडचा पक्का फॅन आहे, आणि जेवताना त्यानं जो विषय काढला तो पुढचे चार दिवस संपला नाही. "मामा, १९९६ ला युनायटेडला तो हवा होता. तिकडं गेला असता तर दहा वर्षांत पाच लीग जिंकला असता. त्याला न्यूकॅसलमध्ये काय मिळालं?" मी म्हटलं, अरे बाबा, आधी उद्या ब्लॅकबर्नला चल.

दिवस तिसरा: ब्लॅकबर्न

मँचेस्टर व्हिक्टोरियाहून तासाभरात ब्लॅकबर्न. डोंगराळ भाग, जुन्या सूतगिरण्यांचं गाव, विटांची एकसारखी घरं उतारावर ओळीनं, रस्त्यात गुजराती, पाकिस्तानी दुकानं भरपूर. स्टेशनपासून इवूड पार्क चालत अर्ध्या तासाच्या वर लागतं पण आम्ही चालतच गेलो. स्टेडियम अचानक घरांच्या मधूनच उगवतं, आणि इतक्या लहान गावाला ३१ हजारांचं स्टेडियम कसं हा प्रश्न पडतोच.

उत्तर बाहेरच पुतळ्याच्या रूपात उभं आहे. जॅक वॉकर. याच गावचा माणूस, घरचा धंदा पत्र्याच्या कामाचा, तो वाढवत वाढवत इतका मोठा केला की शेवटी ब्रिटिश स्टीलनं विकत घेतला, आणि मग तो पैसा त्यानं लहानपणापासून ज्या क्लबवर जीव होता त्यात ओतला. शिअररचे वडीलसुद्धा पत्र्याच्या कारखान्यातले कामगार. कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या, म्हणजे कारखान्यांच्या बाजूला वाढलेल्या माणसाला पत्रा कापल्याचा आवाज काय असतो ते माहीत असतं, त्यामुळं मला हे वाचलं तेव्हापासून फार जवळचं वाटतं.

जुलै १९९२ मध्ये वॉकरच्या पैशातून ३६ लाख पाउंडाला शिअरर इथं आला, केनी डालग्लिश मॅनेजर. प्रीमियर लीग त्याच वर्षी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध त्याचे दोन गोल. डिसेंबरपर्यंत २१ मॅचमध्ये १६ गोल झालेले आणि मग लीड्सच्या मॅचमध्ये उजव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. तेव्हाच्या काळात या इंज्युरीतून बरेच प्लेअर परत यायचेच नाहीत. तो पुढच्या सीझनला परत आला आणि ३१ गोल मारले. मग १९९४-९५ ला ३४. मग १९९५-९६ ला परत ३१. सलग तीन वर्षं तिसाच्या वर. आकडे लिहायला सोपे आहेत, पण स्ट्रायकरचं काम असं आहे की पूर्ण ९० मिनिटांत तीनदा संधी येते आणि प्रत्येक वेळी दोन धटिंगण पाठीवर असतात, त्यात तीन वर्षं ही सरासरी ठेवणं म्हणजे काय ते ग्राउंडवर धावलेल्या माणसालाच कळेल.

१९९५ चं टायटल कसं मिळालं ते भाच्याला पुतळ्यासमोर उभं करून सांगितलं. १४ मे, शेवटचा दिवस, ब्लॅकबर्न लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर. शिअररनं गोल मारला, लिव्हरपूलनं फेडला, आणि शेवटच्या क्षणी जेमी रेडनॅपच्या फ्री किकवर ब्लॅकबर्न २-१ हरलं. सगळं संपलं असं वाटलं तेवढ्यात बातमी आली की युनायटेड वेस्ट हॅमकडं १-१ वर अडकलं. एका पॉइंटनं लीग ब्लॅकबर्नची. १९१४ नंतर पहिल्यांदा, ८१ वर्षांनी. आता सेलिब्रेशन कसं करणार असं शिअररला विचारलं तर त्यानं सांगितलं की घरी जाऊन कुंपणाच्या लाकडाला क्रिओसोट (लाकूड टिकवायचं तेल) लावायचंय. लोक त्याला बोअरिंग म्हणायचे ते यामुळंच. मला तर हा माणूस यामुळंच आवडतो. आमच्याकडं फायनल जिंकून आलेला प्लेअर दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीची धार काढायला बसलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

कोल्हापूर म्हटलंच आहे तर आणखी एक. आपल्या अनिकेत जाधवनं, जो २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, २०१९ मध्ये याच ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये काही महिने ट्रेनिंग केलंय. आणि नोव्हेंबर २०१० पासून हा क्लब पुण्याच्या वेंकीज ग्रुपच्या मालकीचा आहे. २०१२ मध्ये टीम प्रीमियर लीगमधून खाली गेली ती अजून वर आलेली नाही. पुतळ्याशेजारी एक आजोबा भेटले, आम्ही पुण्याच्या बाजूचे आहोत म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प झाले, मग शिअररचा विषय काढला तसा त्यांचा चेहरा उघडला आणि अर्धा तास उभ्या उभ्या बोलले. ब्लॅकबर्नसाठी प्रीमियर लीगमध्ये १३८ मॅच, ११२ गोल. आजोबांना आकडे तोंडपाठ होते. "तो गेला तेव्हा राग आला का?" मी विचारलं. तर म्हणाले, घरी गेला रे तो, घरी जाणाऱ्यावर कसला राग.

भाचा ट्रेनमध्ये बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तरी पण पाच लीग, मामा."

दिवस चौथा: न्यूकॅसल

मँचेस्टरहून अडीच तास. डरहम गेलं की खिडकीला चिकटून बसा, उजव्या हाताला लांबून एंजल ऑफ द नॉर्थ हा पंखांचा लोखंडी पुतळा दिसतो आणि मग थोड्या वेळात गाडी टाईन नदीवरच्या उंच पुलावर येते आणि खाली एकामागं एक सगळे पूल दिसतात. टाईन ब्रिज १९२८ चा, २०२८ च्या शंभरीसाठी त्याची दुरुस्ती आणि रंगकाम चाललं होतं त्यामुळं अर्धा झाकलेला होता. तरी पण काय दृश्य आहे.

या शहरात स्टेडियम शोधावं लागत नाही. इतर ठिकाणी ग्राउंड गावाबाहेर नेलेत, इथं सेंट जेम्स पार्क अगदी मध्यात टेकाडावर बसलंय, बाजारातून कुठूनही मान वर केली की दिसतं. आपल्याकडं देवळाचा कळस दिसतो ना तसं. ५२ हजार सीट्स. बॅग हॉटेलवर टाकून आम्ही तडक तिकडं.

पुतळा बघायचा होता. नऊ फुटाच्या वर ब्राँझ, हात वर, पंजा उघडा. २०१६ मध्ये बसवला, पैसे क्लबचे माजी चेअरमन फ्रेडी शेफर्ड यांच्या घरच्यांनी दिले. पण तेव्हा तो स्टेडियमच्या आवारात नव्हता, बाहेर बॅरक रोडच्या फुटपाथवर होता, कारण त्या काळात क्लबच्या मालकांचं आणि शिअररचं पटत नव्हतं. स्टेडियममधल्या त्याच्या नावाच्या बारचं नावसुद्धा बदललं होतं. २०२१ मध्ये मालक बदलले आणि बारवर नाव परत आलं, २०२४ मध्ये पुतळा आत आला. स्वतःच्या गावात माणूस आठ वर्षं फुटपाथवर उभा होता. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्याला त्याच्याबद्दल वाईट वाटलं असं मला दिसलं.

आता १९९६. त्या उन्हाळ्यात युरो कप इंग्लंडमध्येच होता. त्याआधी शिअररनं इंग्लंडसाठी १२ मॅच एकही गोल मारला नव्हता, पेपरवाले त्याला काढा म्हणत होते. मॅनेजर टेरी व्हेनेबल्सनं ठेवला, आणि त्यानं स्वित्झर्लंड, स्कॉटलंड, नेदरलँड्सला दोन, जर्मनीला एक असे पाच गोल मारून गोल्डन बूट घेतला. सेमीफायनलला पेनल्टीजवर हरले, त्याची स्वतःची पेनल्टी बरोबर गेली होती. त्यानंतर सगळ्या जगाला तो हवा होता. युनायटेड लीग आणि एफए कप दोन्ही जिंकून बसलेलं. आणि ३० जुलैला तो न्यूकॅसलला आला, दीड कोटी पाउंड, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड.

मॅनेजर कोण, तर केव्हिन कीगन. १९८२ मध्ये कीगन प्लेअर म्हणून न्यूकॅसलला आला तेव्हा त्याची पहिली मॅच बघायला १२ वर्षांचा शिअरर गॅलोगेट एंड या स्टँडसाठी रांगेत उभा होता. त्याच कीगननं १४ वर्षांनी फोन केला की घरी ये. आणि त्याला फक्त बघायला म्हणून पावसात हजारो माणसं स्टेडियमबाहेर जमली, मॅच नाही काही नाही. तिथं स्टेजवर उभा राहून त्यानं स्वतःची ओळख दिली ती न्यूकॅसलच्या पत्रा कामगाराचा मुलगा अशी.

स्टेडियम टूरमध्ये ड्रेसिंग रूम दाखवतात, नऊ नंबरची जागा दाखवतात. नऊ नंबर ही इथं वतनदारी आहे असं समजा. ह्यूई गॅलॅकर, १९२७ च्या टायटलचा कॅप्टन. मग जॅकी मिलबर्न, कोळसा खाणीच्या गावातला, त्याच्या काळात १९५१, ५२ आणि ५५ असे तीन एफए कप. मग माल्कम मॅकडॉनल्ड. शिअरर आला तेव्हा नऊ नंबर लेस फर्डिनंडकडं होता, त्यानं तो काढून दिला. मिलबर्नचे क्लबसाठी २०० गोल होते, शिअररनं ४ फेब्रुवारी २००६ ला पोर्ट्समथविरुद्ध २०१ वा मारला. एकूण २०६.

गाइड बाई साठीच्या असतील, त्यांची बोली कळायला मला दहा मिनिटं लागली, प्रत्येकाला 'पेट' म्हणायच्या, म्हणजे आपल्या 'बाळा'सारखं. त्या म्हणाल्या की त्या १९ सप्टेंबर १९९९ ला गॅलोगेट एंडला होत्या. शेफील्ड वेन्सडे ८-०, शिअररचे पाच. ती मॅच कशी झाली ते कळायला तीन आठवडे मागं जावं लागतं. रूड गुलिट मॅनेजर होता, त्यानं शेजारच्या सुंदरलंडविरुद्धच्या डर्बीत, धो धो पावसात, शिअररला बाकावर बसवला. मॅच २-१ हरले आणि तीन दिवसांत गुलिट गेला. मग बॉबी रॉबसन आले, इथल्याच डरहम भागातल्या खाण कामगाराचे चिरंजीव, वय ६६. त्यांनी शिअररला सांगितलं की तू गोलकडं पाठ करून खेळतोयस, बाजूला वळ, समोर तोंड कर. इतकंच. घरच्या पहिल्याच मॅचला पाच गोल. रॉबसन यांचा पुतळासुद्धा आवारात आहे, त्याच्या पायाशी कोणीतरी मफलर बांधून ठेवला होता.

मी गॅलोगेट एंडच्या वरच्या ओळीत बसलो. एव्हर्टनविरुद्धचा २००२ चा तो व्हॉली याच ग्राउंडवर, बॉल डोक्यावरून खाली आला आणि जमिनीला लागायच्या आत जाळ्यात. गाइड बाई पुढं गेल्या, मी पाच मिनिटं मागं राहिलो. काका असता तर त्याला इथं बसवलं असतं एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी पबमध्ये भाच्यानं त्याचा प्रश्न सरळ शेजारच्या टेबलवर टाकला. की दहा वर्षांत एकही कप नाही, १९९८ आणि ९९ दोन्ही एफए कप फायनल हरला, ९९ ची तर युनायटेडकडूनच, मग काय उपयोग? मला वाटलं आता भांडण होतं. तर तिथला एक माणूस शांतपणे म्हणाला की २०२५ च्या मार्चमध्ये वेम्बलीवर आम्ही लीग कप जिंकलो, लिव्हरपूलला २-१, ७० वर्षांनी पहिला देशातला कप, डॅन बर्न आणि इसाकचे गोल. तेव्हा शिअरर स्टँडमध्ये काय करत होता ते बघितलंस का? भाच्यानं बघितलं होतं. वेड्यासारखा ओरडत होता, ५४ वर्षांचा माणूस. "त्याचाच कप आहे तो," तो माणूस म्हणाला. इसाक त्यानंतर सहा महिन्यांत साडेबारा कोटी पाउंडाला लिव्हरपूललाच गेला, त्याबद्दल मात्र टेबलवर कोणाला बोलायचं नव्हतं.

दिवस पाचवा: गॉस्फर्थ, एंजल, सुंदरलंड

सकाळी मेट्रोनं गॉस्फर्थ. शिअररचा जन्म इथला, १३ ऑगस्ट १९७०. नीटनेटकं उपनगर, झाडं, शाळा. जुनं घर वगैरे शोधत बसलो नाही, कोणीतरी राहत असणार तिथं. ग्रेग्ज बेकरीचं पहिलं दुकान याच गॉस्फर्थात १९५१ मध्ये निघालं, तिथल्याच एका ग्रेग्जमध्ये स्टॉटी खाल्ला, चपटा जाड पाव, आत हॅम आणि पीज पुडिंग. भाच्यासाठी चीजचा. पीज पुडिंग म्हणजे घट्ट शिजवलेलं वाटाण्याचं वरण समजा, मला आवडलं.

मग बसनं एंजल. २० मीटर उंच, पंख ५४ मीटर, २०० टनांचं गंजलेल्या रंगाचं लोखंड. १९९८ च्या फायनलआधी न्यूकॅसलच्या पोरांनी दोऱ्या टाकून याच्या अंगावर शिअररचा भलामोठा नऊ नंबरचा शर्ट चढवला होता, पोलीस येऊन उतरवेपर्यंत वीसेक मिनिटं राहिला. खाली उभं राहून वर बघितलं तर पोरांनी हे कसं केलं असेल याचाच विचार येतो. वारा इतका होता की बोलणं ऐकू येईना.

दुपारी मेट्रोनंच सुंदरलंड, स्टेशनचं नावच स्टेडियम ऑफ लाइट. जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर १९९७ मध्ये बांधलेलं. न्यूकॅसल आणि सुंदरलंड म्हणजे काय ते कोल्हापुरात पाटाकडील-शिवाजी या दोन तालमींची मॅच बघितलेल्याला समजवायची गरज नाही. १७ एप्रिल २००६, शिअररची शेवटची मॅच इथं झाली. सीझन संपायला तीन मॅच बाकी होत्या, निवृत्ती आधीच जाहीर झालेली. ०-१ ने मागं होते, बरोबरी झाली, मग पेनल्टी मिळाली, शिअररनं मारली, आत. थोड्याच वेळात टॅकलमध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि तो लंगडत बाहेर पडला. न्यूकॅसल ४-१ जिंकलं. म्हणजे शेवटचा गोल जुन्या वैऱ्याच्या ग्राउंडवर, आणि शेवटची दहावीस मिनिटं बाकावर. प्रीमियर लीगचा तो २६० वा गोल, ४४१ मॅचमध्ये, आणि हा रेकॉर्ड अजून कोणाला मोडता आलेला नाही. हॅरी केन २१३ वर असताना जर्मनीला गेला.

महिन्याभरानं सेल्टिकबरोबर त्याची निरोपाची मॅच ठेवली, त्यात तो गुडघ्यामुळं खेळू शकत नव्हता. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली तेव्हा तेवढ्यासाठी आत आला आणि मारली. त्या मॅचचे सगळे पैसे, १६ लाख पाउंडांच्या वर, त्यानं संस्थांना दिले. न्यूकॅसलमध्ये त्याच्या नावाचं एक सेंटर आहे, अपंग मुलं आणि मोठ्यांसाठी, त्याच्या फाउंडेशनचा पैसा तिथं जातो.

२००९ मध्ये शेवटच्या आठ मॅचसाठी मॅनेजर होऊन आला, एकच जिंकली, टीम खाली गेली. बुडणाऱ्या होडीत चढ असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. काकानंसुद्धा तालीम खालच्या गटात गेली त्या वर्षी पन्नाशीत कोचिंग घेतलं होतं.

दिवस सहावा: वॉल्सएंड

शेवटचा दिवस, शनिवार. वॉल्सएंड मेट्रो स्टेशनवर पाट्या लॅटिनमध्ये आहेत, कारण रोमन लोकांची हेड्रियनची भिंत इथं संपते, गावाचं नावच 'भिंतीचं टोक'. किल्ल्याचे अवशेष बघितले, आणि त्याच्या पलीकडं नदीकाठी स्वॉन हंटरचं जहाजांचं यार्ड होतं ती जागा. आता क्रेन नाहीत. टायटॅनिक बुडाली तेव्हा लोकांना वाचवायला जी पहिली बोट पोचली ती कार्पेथिया, ती इथं बांधलेली. साउथहॅम्प्टनची गोष्ट परत आली ती अशी.

याच यार्डच्या कामगारांनी १९०४ मध्ये वॉल्सएंड बॉइज क्लब काढला. आपल्या तालमी निघाल्या तशीच गोष्ट, पोरांना संध्याकाळी काहीतरी जागा पाहिजे म्हणून. इथून पीटर बिअर्डस्ली निघाला, स्टीव्ह ब्रूस, मायकल कॅरिक, ली क्लार्क, आणि शिअरर. एका छोट्या गावातल्या एका क्लबमधून. आम्ही त्यांच्या आताच्या ग्राउंडवर गेलो, कडेला उभं राहून बघायला हरकत नाही पण पोरांचे फोटो काढू नका असं एका कोचनं नीट सांगितलं, आम्ही फोन खिशात ठेवले.

आठ-नऊ वर्षांच्या पोरांची मॅच चालू होती. पाऊस भुरभुर, चिखल, आयाबाया छत्र्या घेऊन ओरडतायत. मी भाच्याला सांगत होतो की शिअररचे प्रीमियर लीगमधले ४६ गोल डोक्यानं मारलेले आहेत, आणि त्यासाठी प्रॅक्टिसमध्ये त्यानं रोज किती बॉल डोक्यावर घेतले असतील त्याला गणती नाही. २०१७ मध्ये त्यानं स्वतः बीबीसीसाठी यावर डॉक्युमेंटरी केली, हेडिंग आणि म्हातारपणी होणारा विसराळूपणाचा आजार यांचा काय संबंध आहे ते शोधत फिरला, स्वतःच्या डोक्याचं स्कॅनसुद्धा करून घेतलं. वेस्ट ब्रॉमचा स्ट्रायकर जेफ ॲस्टल याच आजारानं २००२ मध्ये गेला, ५९ वर्षांचा होता, आणि कोरोनरनं, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, त्याला धंद्यातून आलेला आजार म्हटलं. त्याच्या मुलीलाही शिअरर भेटला. जो माणूस डोक्यावर मोठा झाला त्यानंच हा प्रश्न उघड विचारला, याचं मला त्याच्या गोलांइतकंच मोल वाटतं. काका शेवटची चार वर्षं आम्हाला ओळखत नव्हता. कशामुळं ते कोणी सांगू शकणार नाही, पण पावसात भिजून जड झालेला कातडी बॉल तो २० वर्षं डोक्यानं मारत होता.

आता इंग्लंडमध्ये लहान पोरांना मॅचमध्ये मुद्दाम हेड मारायला बंदी आहे, मारला तर समोरच्याला फ्री किक.

डाव्या बाजूनं उंच क्रॉस आला. नऊ नंबरवालं एक बारकं पोरगं गोलसमोर एकटंच होतं, बॉल बरोबर कपाळाच्या उंचीवर, आणि मी सवयीनं पुढं झुकलो. पोरानं दोन पावलं मागं घेतली, बॉल छातीवर घेतला, खाली पडू दिला आणि मग पायानं मारला. बारला लागून बाहेर गेला. कोच ओरडला, बरोबर, बरोबर, परत ये. भाचा माझ्या बाजूला टाळ्या वाजवत होता.